वाकड्याचं वय

डॉक्टरांनी मोबाइलवरचा फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि मेलेल्या चितळाच्या शिंगाचे फाटे मोजले. एक, दोन, तीन. मग चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "तीन वर्षं. फार तर साडेतीन."

वरचं अर्धं कुठून आलं ते मी विचारलं नाही. मी ऑफिसातला मोठा बाबू. वनखात्याच्या नागपुरातल्या एका ऑफिसात एकतीस वर्षं कागद लावतो आहे, आणि या एकतीस वर्षांत साहेबांच्या पाहुण्यांना प्रश्न विचारल्याची एकही नोंद माझ्या नावावर नाही. डॉक्टरांचा रामदासपेठेत कुत्र्यांचा दवाखाना आहे. आमच्या साहेबांचा लॅब्राडोर तिथेच जातो. सरकारी पशुवैद्यक रजेवर होते, म्हणून साहेबांनी यांना बोलावलं. चितळाशी त्यांची ओळख त्या फोटोपासूनची. म्हणजे चार मिनिटांची.

प्रकरण असं. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात कुहीच्या पुढे आमटोल्याच्या जंगलात, कोरड्या नाल्यात एक चितळाचा नर मेला. तिथली वनरक्षक हर्षा भोयर. तिने पंचनामा केला: अतिवृद्ध नर, दाढा झिजलेल्या, अंगावर जखम नाही, शिंगांची लांबी अठ्ठावन्न आणि छपन्न सेंटिमीटर, नैसर्गिक मृत्यू. दोन पंचांच्या सह्या घेतल्या. रेंजरला फोन करून परवानगी घेतली आणि नियमाप्रमाणे शिंगांसकट सगळं जाळलं. रेंजरला पुढे तो फोन आठवेना. जाळण्याआधी एका हौशी पर्यटकाने नाल्यातला फोटो काढला होता, तो त्याने नंतर व्हॉट्सॲपवर सोडला. खाली मजकूर: 'तरण्या चितळाची शिकार, वनरक्षकाने पुरावा जाळला.' दोन दिवसांत पेपरात बातमी, तिसऱ्या दिवशी वरून फोन. आता कोणाचं तरी डोकं द्यायचं होतं आणि हर्षाचं सगळ्यांत जवळ होतं.

चौकशी आमच्या सुभेदारसाहेबांकडे आली. विक्रम सुभेदार, सहायक वनसंरक्षक. त्यांनी पहिल्या सुनावणीत हर्षाला तेवीस प्रश्न विचारले. मी लिहून घेत होतो, म्हणून आकडा पक्का आहे. त्यांपैकी चितळाबद्दलचे पाच. बाकीचे अठरा असे: जंगलात एकटी का राहता, मोटारसायकल कोणाच्या नावावर आहे, गावात जेवायला कोणाकडे जाता.

"दाढा झिजल्या होत्या, हे तुम्ही पाहिलं?"

"तोंड उघडून पाहिलं, साहेब. हिरडीपर्यंत सपाट होत्या."

"फोटो?"

"नाही काढता आला. बॅटरी उतरली होती."

"सोयीने उतरली."

डॉक्टर मध्ये पडले. "अहो, शिंगं बघा ना किती आखूड आहेत. तुम्हीच मोजलीत. भरात आलेल्या नराची यांहून कितीतरी मोठी असतात. म्हणजे हा अजून वाढत होता. त्यात फाटे तीन."

"चितळाले तीनच फाटे येतात, डॉक्टरसाहेब," हर्षा म्हणाली. तोवर ती जपून शुद्ध बोलत होती. ते सुटलं. "तिसऱ्या सालीबी तीन अन् दहाव्या सालीबी तीन. फाटे मोजून वय काढाल तं अख्ख्या जंगलात म्हातारं कोनी सापडनारच नाही."

डॉक्टर हसले. साहेब हसले नाहीत. "तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही."

"मग लिहा, मधुकरराव. तज्ज्ञांच्या मते नर तीन वर्षांचा, निरोगी वयाचा. असा प्राणी आपोआप मरत नाही." आणि हर्षाकडे न बघता, "आठ दिवस देतो. तो म्हातारा होता याचा पुरावा आणा. नाहीतर निलंबन."

पुरावा म्हणजे ते धड, आणि ते जळून गेलेलं. साहेबांना हे माहीत होतं. निलंबनाच्या आदेशाचा मसुदा त्यांनी त्याच दुपारी माझ्याकडून टाइप करून घेतला. तारखेची जागा तेवढी कोरी ठेवायला सांगितली.

मसुदा टाइप करून मी चहाला उतरलो. टपरीपाशी हर्षा उभी होती. पेला हातात, चहा तसाच.

"बाबूजी, तुम्हाला तरी पटते का?" तिने विचारलं.

"मला हरणाचं काय कळतं? माझं सगळं आयुष्य हरणाच्या कागदांत गेलं."

"मग आत्ता शिका. सगळ्यांची नजर शिंगाकडं जाते, तिथंच माणूस फसते. पहिले शिंग झाकाचं अन् धड पाहाचं. पोरगं असलं का पाय लांब दिसते, पोट आत, मान मादीवानी बारीक. भर उमरीतला नर छातीनं जड, मान फुगलेली. अन् म्हातारा झाला का पाठ मधातून खचते, पोट लोंबते, म्हनून पाय आखूड वाटाले लागते. गळ्याची चामडी ढिली. चालतानी डोकं खांद्याच्या वर उचलत नाही. अन् शिंग आधी वाढत जाते, मंग उतारवयात दर साली कमी येते. डॉक्टरानं आखूड शिंग पाहिलं अन् त्याले बाळ करून टाकलं."

तेवढ्यात आमचे लेखापाल रस्ता ओलांडून आले. केस काळेभोर, चकचकीत.

"शिंग झाका," हर्षा म्हणाली.

मी एक डोळा मिटून हाताचा पंजा लेखापालांच्या केसांवर धरला. खाली पोट, पोटाखाली दोन आखूड पाय, खचलेली पाठ. गेल्याच महिन्यात त्यांनी सगळ्यांना पंचेचाळिसावा वाढदिवस म्हणून पेढे वाटले होते.

"माझ्याकडे बघू नकोस," मी म्हणालो.

"तुमचं तं कवाच पाहून झालं."

पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर हसू आलं, आणि लगेच गेलं. त्या नराला ती सहा वर्षं ओळखत होती. त्याच्या डाव्या शिंगाचा कपाळावरचा फाटा डोळ्याकडे आकड्यासारखा वळलेला, म्हणून गावात त्याचं नाव वाकड्या. शिंग दर साली गळतं आणि नवं येतं, पण एकदा बुडाशी मार बसला की त्या बाजूचा फाटा दर साली तसाच वाकडा येतो. तिने वहीत तारखेनिशी लिहिलं होतं: पाठ खचली, कळपाच्या मागे राहू लागला, या वेळची शिंगं मागच्यापेक्षा कमी. ती वही साहेबांनी दोन पानं चाळून परत केली होती. 'वही केव्हाही लिहिता येते.' लांबून काढलेले दोन-चार फोटो होते. त्यांत वाकड्या कोणता आणि झुडूप कोणतं ते सांगावं लागत होतं.

"आता?"

"आता काय. सहा वर्षं त्याच्या मागं फिरली मी. अन् ज्यानं त्याले फक्त मेलेला पाहिला, तोबी मोबाइलात, तो वय सांगून राहिला." तिने चहा रस्त्यावर ओतून दिला. "मले रडू येत नाही, बाबूजी. मले असं वाटते का त्या डॉक्टरले नाल्यात उभं करावं अन् त्याचे दात मोजावे."

आठव्या दिवशी सकाळी साडेदहाला एक म्हातारी थेट माझ्या टेबलापाशी आली. काळीसावळी, सत्तरीच्या पुढची, काखेत खताच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबट.

"हर्षा गार्डची चौकशी करते तो सायेब कोनता?"

"आत आहेत. तुम्ही कोण?"

"आमटोल्याची तुळसाबाई." तिने पोतं टेबलावर ठेवून उलगडलं. आत चितळाचं शिंग. डावं. कपाळावरचा फाटा आकड्यासारखा वळलेला.

माझा पहिला उद्गार सरकारी होता. "बाई, झाका ते! घरात शिंग ठेवणं गुन्हा आहे. गळून पडलेलं असलं तरी."

"म्हाईत हाये."

"मग कशाला ठेवलं?"

"उगाळाले. पोराच्या छातीत कफ झाला, कोनाची बरगडी दुखली, का सारे माह्याच दारात येतात. तुमच्या दवाखान्याची गाडी येत नाही तिथवर." शिंगाचं टोक खरंच घासून सपाट झालं होतं. "वाकड्याचं हाये. नाल्यात गावलं होतं. माह्या नातनीचं लग्न झालं त्या साली."

मी खणातली टेप काढली. टोक झिजलं होतं तरी एकोणऐंशी सेंटिमीटर. पंचनाम्यातलं डावं शिंग अठ्ठावन्न. फाइलमधला फोटो काढून शेजारी धरला. तोच आकड्यासारखा फाटा, तेच वळण.

आणि तिथे मला गणित दिसलं. नातीचं लग्न कोणत्या साली झालं याची गरजच नव्हती. हे शिंग वाकड्याने आधी टाकलं होतं आणि मरताना त्याच्या डोक्यावर याहून एकवीस सेंटिमीटर कमी होतं. तरण्या नराचं शिंग दर साली वाढतं. कमी होतं ते म्हाताऱ्याचं.

"तुळसाबाई, हे घेऊन आत गेलात तर तुमच्यावर केस होईल. कळतंय ना?"

"तेवढं कळते."

"हर्षाने पाठवलं?"

"तिले कायले सांगू? माह्या दोन कुऱ्हाडी जप्त केल्या तिनं. बोलत नाही मी तिच्यासंगं."

"तरी आलात?"

"तिच्या पहिले जे गार्ड होते, त्याहीनं सात कुऱ्हाडी नेल्या. कागद नाही का काही नाही. हिनं दोन नेल्या त्या लिहून नेल्या." मग एकदम चिडून, "अन् वाकड्याले पोरगं म्हनून राहिले म्हने तुमचे सायेब! आमच्या डोळ्यादेखत बुढा झाला तो. मांगल्या साली माह्या धानाच्या बांधीतून पळाले गेला तं हातभर उंच धुऱ्यावरून उडी नाही मारता आली त्याले. बसून राहिला तसाच."

मी आवक नोंदवही ओढली, क्रमांक घातला, वेळ घातली, आणि मगच तिला आत नेलं.

हर्षा साहेबांच्या टेबलासमोर उभी होती. खुर्ची रिकामी होती, पण बसायला कोणी सांगितलं नव्हतं. तुळसाबाईला पाहून ती दचकली. "तुळसामाय, तू काहून आली वं इथं?" मग पोत्यातून निघालेलं शिंग तिने पाहिलं आणि आवाजच बदलला. "घरी जा. आत्ताच्या आत्ता घरी जा."

"चूप राह्य," तुळसाबाई म्हणाली.

साहेबांच्या चेहऱ्यावर त्या आठवड्यातला पहिला आनंद दिसला. "अच्छा! म्हणजे गावच सामील आहे. मधुकरराव, शिंग जप्त करा. शिकारीचा गुन्हा."

"बूड पाहावं, साहेब," मी म्हणालो. "खाली गोल, खडबडीत आहे, गळून पडल्यासारखं. मारून काढलं असतं तर कवटीचं हाड सोबत आलं असतं."

"मग बेकायदेशीर बाळगल्याचा गुन्हा."

"होय. त्यात ओळख लिहावी लागेल. कोणत्या प्राण्याचं, कुठे मिळालं, माप किती." मी फोटो त्यांच्यासमोर सरकवला. "वाकडा फाटा जुळतो. माप एकोणऐंशी."

साहेबांना समजायला वेळ लागतो, पण समजतं. त्यांनी फोटो पाहिला, शिंग पाहिलं, पंचनाम्यातला अठ्ठावन्नचा आकडा पाहिला. परत शिंग पाहिलं. तुळसाबाईवर गुन्हा टाकायचा तर हे वाकड्याचंच म्हणून लिहावं लागणार. तसं लिहिलं की वाकड्या म्हातारा ठरतो, डॉक्टर खोटे पडतात, साहेबांनी 'शिकारच' म्हणून पेपरात दिलेलं निवेदन खोटं पडतं.

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि आवाजात साखर आणली. "हे बघा आजी, तुम्ही वयस्कर आहात. कोर्टकचेरी कशाला मागे लावून घेता? हे घरी घेऊन जा. आम्ही पाहिलंच नाही."

मला साहेबांच्या रागाची सवय आहे. त्यांच्या रागाने माझं कधी काही बिघडलं नाही. पण या दयेने माझं डोकं फिरलं. म्हातारीला सोडायचं ते तिच्यासाठी नव्हे, तर तिच्या पोत्यात गुंडाळून हर्षाची नोकरी बाहेर पाठवायची होती. आणि त्यासाठी तिने वर उपकार मानायचे.

हर्षालाही ते कळलं. ती म्हणाली, "घेऊन जा, माय. साहेब बरोबर म्हणतात. मले काढलं तं मी दुसरं काहीबी करीन. तू या उमरीत कुहीच्या कोर्टाचे चकरा मारशील का?"

"तुले कोनी इचारलं?" तुळसाबाई तिच्यावरच उखडली. "मी भल्या पहाटे उठून आली ते हे परत घरी न्यायले आली का?" मग साहेबांकडे वळून, "लिवा सायेब. माहं नाव तुळसाबाई. गाव आमटोला. शिंग माह्या घरी होतं, वाकड्याचं होतं. लिवा."

"मी लिहिणार नाही."

"काहून?"

"माझी इच्छा."

"अस्सं! गरिबाले धरतानी कायदा, अन् गरीब सोताहून धरून देते तं इच्छा!"

साहेबांचे कान लाल झाले. "मधुकरराव, यांना बाहेर न्या. ते पोतंही."

"नेतो साहेब," मी म्हणालो. "पण शिंगाची आवक नोंदवहीत नोंद झाली आहे. क्रमांक चारशे बारा, दहा वाजून चाळीस मिनिटं. आता ते ऑफिसातून बाहेर गेलं तर कोणाच्या आदेशाने गेलं, तेही लिहावं लागेल."

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं नोंद करायला?"

"एकतीस वर्षं कोणी सांगत नाही, साहेब. येईल ते नोंदवतो."

माझा आवाज चढला होता, हे मला बाहेर गेल्यावर लेखापालांनी सांगितलं. दोन खोल्यांपलीकडे ऐकू गेला म्हणे.

मला वाटलं होतं तेवढे काही साहेब हरलेले नव्हते. "ठीक. होऊ द्या नियमाने. शिंग सापडलं तो जंगलाचा पट्टा, ते बीट कोणाचं? भोयरबाईंचं. मग वनगुन्ह्याचा पहिला कागद त्यांनीच भरायचा. आरोपी तुळसाबाई. आणि नाही भरला, तर कर्तव्यात कसूर म्हणून वेगळं निलंबन. त्याला कोणत्याही चितळाचं वय काढावं लागत नाही."

हर्षाने माझ्याकडे पाहिलं. नियम तोच होता. मीच त्याच्या तीन प्रती ठेवतो.

ती बसली; या वेळी न विचारता. गुन्ह्याचा फॉर्म ओढला. पहिल्या ओळीलाच पेन इतकं रुतलं की कागद फाटला. मी दुसरा दिला.

"हळू लिव वं," तुळसाबाई म्हणाली. "कागदानं काय केलं तुह्यं?"

हर्षाने सगळं लिहिलं. नाव, गाव, वस्तू, ठिकाण, माप, साहेबांनी सांगितलेली कुहीच्या कोर्टाची तारीख. ओळखीच्या रकान्यात तिने जरा जास्तच लिहिलं: 'सदर शिंग मृत नर चितळाचेच असून मृत्यूसमयीच्या शिंगापेक्षा एकवीस सेंटिमीटर लांब आहे. यावरून नर उतारवयाचा होता हे सिद्ध होते.' साहेबांनी ते वाक्य दोनदा वाचलं. खोडायचं तर शेजारी स्वतःची सही करावी लागली असती. त्यांनी नाही खोडलं. हर्षाला दिलेल्या आठ दिवसांच्या नोटिशीवर एक ओळ लिहिली, 'सूचनापत्र मागे घेण्यात येत आहे.' माफीची ओळ त्या छापील नमुन्यात नसते, आणि हाताने कोणी लिहिली नाही.

"चला," साहेब पेनाला टोपण लावत म्हणाले, "प्रकरण मिटलं."

"मिटलं नाही, साहेब," हर्षा म्हणाली. "माह्यावरून उचललं अन् हिच्यावर टाकलं. अन् टाकाले माहाच हात घेतला."

साहेबांनी फोन उचलला. लॅब्राडोरच्या इंजेक्शनची वेळ विचारायची होती.

मी दोघींना खाली पोचवायला गेलो. शिंगाला माझ्या हाताने लेबल बांधून, लाख लावून आलो होतो, बोटांना अजून चिकटली होती. फाटकापाशी हर्षाने म्हातारीचं रिकामं पोतं घ्यायला हात पुढे केला. तुळसाबाईने तो झटकला.

"तारीख कवाची हाये?"

"अकरा जुलै. कुहीले."

"मुडदा बसवला त्याचा! ऐन धानाच्या रोवनीत? माह्या बांधीत मंग कोन वाकन, तुहा सायेब?"

"मी आली असती, माय. पन मलेबी त्या दिवशी कोर्टातच राहा लागन. सरकारकडून. तुह्या उलट साक्ष द्याले."

तुळसाबाईने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. रागाने तिने रिकामं पोतं काखेत कोंबलं, आणि तो राग आमच्यापैकी नेमका कोणावर होता हे मला अजूनही सांगता येणार नाही.

"तं मंग सात वाजता फाट्यावर उभी राह्य," ती म्हणाली. "सकाळची बस एकच हाये. अन् जागा धरून ठेव, माहे गुडघे दुखते."